नवीन पिस्टन टाकूनही मोटोक्रॉसचं इंजिन पुन्हा पुन्हा जड होतंय? आधी जुना पिस्टन नीट बघा

पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, गॅस्केट नवीन टाकली. पहिल्या एक-दोन सरावांत बाइक मस्त पळाली. मग वरच्या आरपीएमला जोर ओसरायला लागला, इंजिन लवकर तापू लागलं, कंप्रेशन सैल लागू लागलं. हेड आणि सिलिंडर काढून बघितलं तर पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांच्या खालच्या भागावर) पुन्हा तेच उभे ओरखडे. ही तक्रार इतक्या वेळा ऐकू येते की पुष्कळ जण ‘या इंजिनांचं असंच असतं’ म्हणून सोडून देतात. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची शर्यत, त्यामुळे रस्त्यावरच्या बाइकपेक्षा या इंजिनांचं आयुष्य कमी असतं हे खरं. पण मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांच्या निम्म्यातच पिस्टन संपत असेल, तर घर्षण वाढवणारं काहीतरी आत शिरतंय किंवा आत राहून गेलंय. ते न शोधता नवीन पिस्टन टाकला की तोही त्याच वाटेने जाणार.

कोटिंग, महागडं ऑइल, खास बेअरिंग यांकडे वळण्याआधी कारण शोधा, एवढंच मला आग्रहाने सांगायचं आहे.

आधी इंजिन खरंच जड आहे का, ते ठरवा

बाइक स्टँडवर चढवा, न्यूट्रलमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा. चाक लगेच थांबत असेल तर ब्रेक कॅलिपरची पिन सुकली असेल, चाकाचं बेअरिंग गेलं असेल किंवा चेन जास्त ताणली असेल. सस्पेन्शन दबल्यावर चेन आणखी ताणली जाते. त्यामुळे स्टँडवर ठीक वाटणारी चेन उडी मारून उतरताना गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर प्रचंड ओढ देते. आरपीएम चढतो पण बाइक पुढे सरकत नाही, असं होत असेल तर क्लच घसरतोय. तिथे इंजिन खोलून काही हाती लागणार नाही.

ही कारणं बाद झाली की स्पार्क प्लग काढा आणि क्रँकच्या नटाला डायलचा टॉर्क पाना लावून इंजिन हळू फिरवा. फिरवायचं ते इंजिन चालतं त्याच दिशेने, नाहीतर नट सैल होईल. सलग फिरवत ठेवायला किती टॉर्क लागतो ते लिहून ठेवा. नवीन काम झाल्यावर थंड इंजिनवर एकदा आणि नंतर ठरावीक तासांनी पुन्हा, तशाच थंड अवस्थेत, ही नोंद घेतली की इंजिन जड होतंय का हे अंदाजाने सांगावं लागत नाही. फिरवताना एकाच जागी अडखळत असेल तर तीही खूण लिहा.

कंप्रेशन गेजवर फार विसंबू नका. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस इंजिनांत किक किंवा सेल्फ हलका व्हावा म्हणून कॅमवर ऑटो-डीकंप्रेसर असतो. तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, म्हणून आकडा कमीच येतो. लीक-डाउन टेस्ट खरं सांगते. पिस्टन कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, क्रँककेसच्या ब्रीदरमधून (आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

घर्षण नेमकं कुठे होतं

यामाहा वायझेड२५०एफचा स्ट्रोक ५३.६ मिमी आहे. १३,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर होतो, आणि तो पिस्टन दर सेकंदाला चारशेहून जास्त वेळा पूर्ण थांबून उलट फिरतो. मधल्या प्रवासात वेग भरपूर असल्याने ऑइलचा थर धातूंना वेगळं ठेवतो. टोकाला वेग शून्य होतो, थर सर्वांत पातळ पडतो आणि नेमका तेव्हाच वरून जळत्या वायूचा दाब येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड श्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने बेअरिंगवर प्रयोग करून वेग, भार आणि वंगणाचा दाटपणा यांच्याशी घर्षण कसं बदलतं हे आलेखात मांडलं. त्या आलेखाचा अर्थ इथे असा, की थर फार पातळ पडला तर धातू धातूला घासतो आणि थर गरजेपेक्षा दाट असला तर ऑइल ढवळण्यातच ताकद जाते.

इंजिनातल्या यांत्रिक घर्षणाचा सर्वांत मोठा वाटा पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर यांच्यात असतो. त्यानंतर बेअरिंग, व्हॉल्व्हची यंत्रणा, पंप आणि गिअर. म्हणून तपासणी पिस्टनपासून सुरू करायची.

काढलेला पिस्टन फेकू नका

जुना पिस्टन हाच पुरावा आहे. धुण्याआधी उजेडात धरून बघा आणि फोटो काढून ठेवा.

स्कर्टवरच्या मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा पुसून जागा राखाडी, मंद झाली असेल आणि बारीक उभ्या चरांनी भरली असेल, तर धूळ आत गेली आहे. टू-स्ट्रोकमध्ये ही झीज इनटेकच्या बाजूला, स्कर्टच्या खालच्या भागात आधी दिसते, कारण धूळ इनटेकच्या रीड व्हॉल्व्हमधून तिथेच येऊन आदळते. पिस्टन पिनच्या दोन्ही अंगांना मिळून चार ठिकाणी घासल्याचे पट्टे असतील तर थंड इंजिन एकदम पिळलं गेलंय किंवा सिलिंडरशी क्लिअरन्स (मोकळी फट) कमी पडलाय. पिस्टनचं ॲल्युमिनियम आधी तापून फुगतं, सिलिंडरभोवती अजून थंड कूलंट असतं, आणि पिस्टन अडकतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला जोरात घासलं असेल तर मिश्रण पातळ पडलंय (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), कुठून तरी जास्तीची हवा येतेय किंवा उष्णता वाढलीय. चहूबाजूंनी घासलं असेल तर वंगण पोचत नाहीये. रिंगांच्या खाली जळका तपकिरी डाग उतरलेला असेल तर रिंगा बसलेल्या नाहीत किंवा सिलिंडर गोल राहिलेला नाही. आणि एका अंगाला वर, तर समोरच्या अंगाला खाली घासल्याची खूण असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याची शंका घ्या.

या खुणा एकमेकींत मिसळलेल्याही असतात. धुळीने रिंगा गेल्या की जळते वायू खाली उतरतात, ऑइल जळतं आणि मग वंगण कमी पडल्याच्या खुणा दिसतात. अशा वेळी सर्वांत जुनी खूण कोणती हे ओळखावं लागतं.

धूळ: पहिला आणि सर्वांत मोठा संशयित

ट्रॅकवरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं. त्याची कठिणता मोह्स मापावर ७ आहे, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम त्याच्यापुढे अगदी मऊ. ऑइलचा थर काही मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे त्या थराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे कणच जास्त घात करतात. डोळ्यांना ते दिसतही नाहीत. असा कण मऊ स्कर्टमध्ये रुतून बसतो आणि पिस्टन स्वतःच पॉलिश पेपरसारखा सिलिंडर घासत राहतो. म्हणूनच नुसत्या रिंगा बदलून जुना पिस्टन परत टाकण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

फिल्टर स्वच्छ असूनही धूळ शिरते, आणि ती बहुधा फिल्टरच्या फोममधून नव्हे तर कडेने शिरते. फिल्टर काढल्यावर आतल्या रबरी नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर कोरडी तपकिरी रेघ उमटली तर गळती आहे. आणखी खात्री हवी असेल तर नळीच्या आतल्या भिंतीला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या आणि एका सरावानंतर बोट फिरवा. बोटाला किरकिर लागली की समजा, नवीन पिस्टनला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

मग एकेक जागा बघायची. फिल्टरची कडा जिथे एअरबॉक्सवर टेकते ती जागा सपाट आहे का, फिल्टरचा पिंजरा वाकलाय का, बोल्ट पुरता आवळला जातोय का, नळी आणि थ्रॉटल बॉडी किंवा कार्ब्युरेटरमधला क्लॅम्प घट्ट आहे का, एअरबॉक्सच्या सांध्याला भेग आहे का. फिल्टरच्या कडेला वॉटरप्रूफ ग्रीस सगळीकडून सारखं लावा.

फोम फिल्टर पेट्रोलने धुऊ नका. शिवणीवरचा गोंद सुटतो, फोम कडक होऊन तडकतो आणि आगीचा धोका वेगळाच. फिल्टर क्लीनर, मग कोमट साबणपाणी, पूर्ण वाळवण, मग फिल्टर ऑइल. ऑइल लावल्यावर मुठीत दाबायचं, पिळायचं नाही. सगळीकडे एकसारखा रंग दिसेपर्यंत मुरू द्यायचं. ओला फिल्टर घाईत बसवला तर ऑइलमधलं द्रावण उडून जायला वेळ मिळत नाही आणि इंजिन नीट श्वास घेत नाही.

बाइक धुताना होणारी हयगयही इथेच नडते. एअरबॉक्सवर वॉश कव्हर न लावता प्रेशर मारला की चिखल थेट आत जातो. फिल्टर काढताना वरची माती खाली नळीत पडणार नाही याची काळजी घ्या. आधी सीटखालचा भाग पुसायचा आणि मगच बोल्ट सोडायचा.

फोर-स्ट्रोकमध्ये धूळ पिस्टनच्या आधी इनटेक व्हॉल्व्हवर चुगली करते. या इंजिनांत बहुधा टायटॅनियम व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्या तोंडावर पातळ, कठीण आवरण असतं. धुळीने ते आवरण घासलं की व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो आणि टॅपेटचा क्लिअरन्स कमी होतो. थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देऊ लागलं आणि इनटेकचा क्लिअरन्स प्रत्येक तपासणीत आणखी कमी निघाला, तर शिम (हा क्लिअरन्स ठरवणारी चकती) पातळ करत बसू नका. व्हॉल्व्ह बदला, सीट कापून घ्या आणि एअरबॉक्सची गळती शोधा. टायटॅनियम व्हॉल्व्हला ग्राइंडिंग पेस्ट लावून घासू नका. उरलंसुरलं आवरणही त्याने निघून जातं.

ऑइल: कुठलं यापेक्षा कोणत्या अवस्थेतलं

अनेक फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस इंजिनांत जेमतेम लिटरभर ऑइल असतं, आणि तेच क्लचला, गिअरला, कॅमला आणि पिस्टनला पुरवलं जातं. काही मॉडेलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. तुमचं कोणतं आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, कारण तपासणीची दिशाच त्याने बदलते.

ऑइल सामाईक असेल तर क्लचचा कचरा थेट पिस्टनपर्यंत जातो. हाफ क्लचवर सतत काम करणाऱ्याच्या बाइकमध्ये प्लेटचं काळपट फायबर सुटतं आणि प्लेटांच्या दातांनी ॲल्युमिनियमच्या क्लच बास्केटमध्ये खाचा पडतात. त्या खाचांतून निघालेला चुरा ऑइलमध्येच फिरतो. पिस्टन दोनदा बदलूनही ऑइलमध्ये चांदीसारखी चमक येत राहिली, तर क्लच कव्हर काढून बास्केट बघा. हे कारण फार जणांच्या ध्यानात येत नाही.

ऑइल बदलताना फिल्टरही दर वेळी कापून उघडा. कागदाची घडी पसरून दाबा, कचरा पांढऱ्या कागदावर काढा आणि लोहचुंबक फिरवा. चिकटणारा कचरा गिअर, बेअरिंग किंवा क्रँकचा. न चिकटणारे मऊ चमकदार तुकडे पिस्टनचे किंवा बास्केटचे. काळा लगदा क्लचचा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट शिरलंय, वॉटर पंपचं सील तपासा. पेट्रोलचा वास आला तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. थंड इंजिन वारंवार सुरू करून दोन मिनिटांत बंद करण्याने हे हमखास होतं.

गिअरच्या दातांमध्ये चिरडून ऑइलमधले दाटपणा टिकवणारे रेणू तुटत जातात, त्यामुळे ४० ग्रेडचं ऑइल काही तासांत ३० ग्रेडसारखं वागू लागतं. १०० अंश सेल्सियसला ४० ग्रेडचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), तर ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९ या दरम्यान असतो. उष्णता आणि वाळू जास्त असेल, तर मॅन्युअल परवानगी देत असल्यास ५० ग्रेड घ्या. पण नवीन, मध्यम दर्जाचं ऑइल लवकर बदलणं हे महागडं ऑइल ताणून वापरण्यापेक्षा कधीही चांगलं. नियमित शर्यती असतील तर पाच-सहा तासांनी ऑइल बदलणं मी योग्य मानतो.

घर्षण कमी करायचं म्हणून कारचं ‘फ्युएल सेव्हिंग’ ऑइल किंवा बाटलीतलं ॲडिटिव्ह ओतण्याचा मोह होतो. पण ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच चालणाऱ्या क्लचला घर्षण लागतंच. जपानी जासो मानकात एमए, एमए१ आणि एमए२ ही ऑइल ओल्या क्लचसाठी आहेत आणि त्यांत एमए२ची पकड जास्त. एमबी हे कमी घर्षणाचं ऑइल. ते इंजिनाला बरं वाटलं तरी ओला क्लच त्याने घसरतो, तापतो आणि त्याचा कचरा पुन्हा इंजिनातच येतो.

ऑइलची पातळी गरजेपेक्षा वर ठेवू नका. क्रँक ऑइलमध्ये बुडून ढवळत राहतो, फेस होतो, ताकदही जाते आणि वंगणही बिघडतं. ब्रीदरच्या नळीचं टोक चिखलाने बुजलं असेल तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो. तेही याच वेळी साफ करा.

टू-स्ट्रोकवाल्यांमध्ये एक गैरसमज घट्ट बसलाय, की पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाकलं की इंजिन मोकळं पळतं. ४०:१ म्हणजे पाच लिटरला १२५ मिली, ३२:१ म्हणजे साधारण १५६ मिली. क्रँकच्या बेअरिंगला, पिनला आणि स्कर्टला वंगण मिळण्याचा हा एकच मार्ग आहे. प्लग ओला होतो, धूर येतो म्हणून ऑइल कमी करू नका, जेटिंग (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रांचं माप) दुरुस्त करा. आणि प्रमाण बदललंच तर जेटिंग पुन्हा बघा, कारण ऑइल वाढलं की त्याच जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं. मोजायला मापाचा कप वापरा, अंदाजे झाकण नको.

सिलिंडर आणि रिंगा

बहुतेक मोटोक्रॉस सिलिंडरच्या आत निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेलं प्लेटिंग असतं. माहले कंपनीने १९६७ मध्ये निकासिल नावाने ते आणलं. ते धुळीपेक्षा कठीण आहे, म्हणून पिस्टन पूर्ण झिजला तरी सिलिंडर वरवर चांगला दिसतो, आणि तिथेच फसगत होते. नख फिरवून समाधान मानू नका. आतला व्यास मोजणाऱ्या बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी माप घ्या. सिलिंडर लंबगोल किंवा शंकूसारखा झाला असेल तर नवीन रिंगा कधीच नीट बसणार नाहीत. प्लेटिंग उडालं असेल तर नवीन प्लेटिंग करून घ्यावं लागतं, लोखंडी लायनरसारखं बोअर वाढवून चालत नाही. फक्त चकाकी घालवायची असेल तर हलक्या हाताने बॉल होन (खरखरीत गोळ्यांचा घासायचा ब्रश) पुरे.

होनिंगनंतर सिलिंडर पेट्रोलने पुसून भागत नाही. गरम साबणपाण्याने ब्रशने घासा आणि पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुवा. होनचे कण चरांत राहिले तर नवीन पिस्टन पहिल्याच तासात जुना होतो. धुतल्यावर लगेच ऑइलचा हात द्या.

रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधला गॅप फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा. गॅप कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडरला दाबते. स्कर्टला कोटिंग असलेल्या पिस्टनचा क्लिअरन्स कुठे आणि कसा मोजायचा हे पिस्टनसोबतच्या कागदावर दिलेलं असतं, तसंच मोजा.

वरचं काम चालू असतानाच कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. थेट वर-खाली प्ले अजिबात नसावा, बाजूला थोडी हालचाल चालते. टू-स्ट्रोकमध्ये धूळ गेली असेल तर बिग एंडचं (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) बेअरिंग सुद्धा वाचलेलं नसतं. ते तसंच ठेवून वर नवा पिस्टन टाकला तर जुन्या बेअरिंगचे कण वरच येणार.

उष्णता

रेडिएटरच्या फिनमध्ये वाळलेला चिखल, वाकलेले फिन, थकलेली कॅप. कॅप दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं, ऑइल पातळ होतं आणि वर सांगितलेली सगळी झीज वेगाने होते.

कोटिंग कधी

कारण सापडलं, गळती बंद झाली आणि दोन ऑइल बदलांत फिल्टर स्वच्छ निघाला, मगच या खर्चाचा विचार करा. डीएलसी हे हिऱ्यासारखं कठीण कार्बनचं आवरण पिस्टन पिन आणि फिंगर फॉलोअरवर (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या छोट्या भुजेवर) खरंच उपयोगी पडतं. काही इंजिनांत ते कारखान्यातूनच येतं, म्हणून दुसऱ्यांदा पैसे घालण्याआधी तुमच्या इंजिनात आहे का बघा. गिअरच्या दातांचं सुपरफिनिशिंग (अगदी गुळगुळीत करणं) घर्षण आणि उष्णता दोन्ही कमी करतं. स्कर्टवरचं ग्राफाइट किंवा मोलिब्डेनमचं कोटिंग थंड सुरुवातीला आणि रनिंग-इनमध्ये (नवीन भाग रुळताना) पिस्टनला सांभाळून घेतं. पण धूळ आत येत असेल तर यातलं काहीच टिकत नाही.

बांधल्यानंतर

सुरू केल्यावर रेडिएटरच्या दोन्ही बाजू हाताला गरम लागेपर्यंत हलक्या थ्रॉटलवर ठेवा. पहिली सुरुवात, मग पूर्ण थंड होऊ देणं, असं दोन-तीनदा करा. त्यानंतर ट्रॅकवर थ्रॉटल कमी-जास्त करत चालवा. एकाच आरपीएमवर ताणू नका आणि नुसतं आयडलवर तासभर ठेवूही नका, रिंगांना सिलिंडरवर बसायला भार लागतो. पहिलं ऑइल लवकर काढा आणि तो फिल्टर कापून बघा. पहिल्या वेळी थोडी चमक चालेल, दुसऱ्या वेळी नको. दुसऱ्या वेळीही आली तर चालवणं थांबवा आणि लीक-डाउनचा आकडा घ्या. सुरुवातीच्या नोंदीशी टॉर्क जुळवून बघा, आणि पुढचा पिस्टन मागवण्याआधी एअरबॉक्सच्या नळीत पुन्हा पांढरं फडकं फिरवा.